कार्बनवाल्या मंडळींना खुलं पत्र: आधी शब्द सांगा, मग सही मागा

गावोगावी झाडांचे, चुलींचे आणि भाताचे कार्बन प्रकल्प राबवणाऱ्या सगळ्या कंपन्यांना, त्यांच्या फील्डवरच्या साहेब लोकांना, आणि हे सगळं ज्यांच्या डोळ्यांसमोर चाललंय त्या सरकारी अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एक सेवा केंद्र चालवते. सातबारा काढणं, पीएम किसानची केवायसी, पीकविमा, जातीचे दाखले, हे माझं रोजचं काम. नेट असलं की ओळ लागते, नसलं की लोक बाहेर ओट्यावर बसून राहतात पण जात नाहीत, कारण परत यायला गाडीभाडं कुठून आणायचं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुमची माणसं आमच्या गावात आली, समाजमंदिरात मीटिंग घेतली, चहा-बिस्किट झालं आणि माइकवरून सांगितलं, "झाडं तुमचीच, जमीन तुमचीच, आंबाही तुमचाच, आम्ही फक्त हवेचे पैसे मिळवून देणार." टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात ६३ जणांचे कागद माझ्या केंद्रावर स्कॅन झाले. सातबारा, आठ अ, आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि २२ पानांचा इंग्रजी करार. त्यातलं शेवटचं पान तेवढं लोकांनी पाहिलं कारण अंगठा तिथे लावायचा होता. त्या ६३ मध्ये माझे बाबा आहेत, सख्खा चुलता आहे, आत्या आहे. म्हणून हे पत्र लिहायचा मला हक्क आहे असं मी समजते आणि जबाबदारीपण, कारण तो स्कॅनर माझा होता आणि लोकांनी कागद माझ्या भरवशावर दिले.

आता मागच्या महिन्यात मेसेज आला की दुसऱ्या टप्प्याची नोंदणी सुरू करतोय, केंद्रावर कॅम्प लावा. मी तुमच्या साहेबांना फोन करून एवढंच म्हटलं की साहेब यावेळी कराराची मराठी प्रत द्या आणि जुन्या ६३ लोकांनापण द्या, त्यांच्याकडे तर इंग्रजीतलीसुद्धा नाही. उत्तर आलं, "मॅडम हे टेक्निकल असतं, मराठीत होत नाही."

हे वाक्य मला गप्प बसू देत नाही. मी गेले तीन आठवडे केंद्र बंद झाल्यावर रात्री तो करार डिक्शनरी घेऊन वाचला, एक एक शब्द शोधला, आणि मराठीत होतं. सगळं होतं. या पत्रात ते करूनच दाखवते म्हणजे पुढच्या गावात हे कारण सांगायची वेळ येणार नाही, आणि ज्यांनी अंगठे लावलेत त्यांनाही कळेल की आपण काय दिलंय.

सुरुवात मुळापासून. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, जो हवेत जाणार होता पण गेला नाही किंवा हवेत होता तो झाडाने ओढून घेतला, आणि कोणीतरी तिसऱ्याने येऊन मोजून तसा दाखला दिला. दुसरे वायूही यात येतात, ते कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात बदलून घेतात, जसं मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशोबात साधारण २८ पट तापवतो म्हणून एक टन मिथेन वाचवला की २८ टनांची नोंद. हा दाखला कोण विकत घेतं? ज्याची फॅक्टरी, विमान, डेटा सेंटर धूर सोडतंय आणि त्याला तो धूर आज बंद करता येत नाही किंवा करायचा नाही, तो. त्याने स्वतःचा धूर कमी करायच्या ऐवजी दुसरीकडची कमी झालेली मात्रा विकत घेतली की त्याला म्हणतात ऑफसेट. मराठीत सांगायचं तर वजावट. आमच्या आंब्याच्या झाडावर कोणीतरी लांबचा माणूस त्याचा धूर वजा करून घेणार आहे. हे त्या मीटिंगमध्ये एकदाही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, कारण काही लोकांनी त्यावरच नाही म्हटलं असतं आणि तो त्यांचा हक्क होता.

आता मोजणी. मीटिंगनंतर दोन पोरं आली होती टेप आणि मोबाईल घेऊन. चांगली पोरं, उन्हातान्हात फिरत होती, त्यांच्यावर माझा काही राग नाही. नियम असा की झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. पण आमचा केशर कलमी आहे. कलमी आंबा दोन-अडीच फुटांवरच फुटतो, साडेचार फुटांवर एक खोड नसतंच, तीन-चार फांद्या असतात. पहिल्याच झाडाला पोरं अडली. एकाने जाड फांदीला टेप गुंडाळली, दुसरा म्हणाला फाट्याच्या खालून घे, बाबा टेपचं एक टोक धरून उभे, त्यांनी विचारलं, "नक्की कुठलं मोजायचं?" शेवटी काही झाडांना खालून मोजलं, काहींना फांदी, आणि निम्म्या झाडांना लांबूनच फोटो काढून पुढे गेले कारण नेटवर्क जायच्या आत डेटा चढवायचा होता. फांद्या फुटलेल्या झाडाचं कसं मोजायचं याच्या पद्धती ठरलेल्या आहेत, एक तर फाट्याच्या खाली किंवा प्रत्येक फांदी वेगळी, पण सगळीकडे एकच पद्धत पाहिजे. ती पोरांना कोणी शिकवलेली नव्हती. आणि या घेरावरून पुढचं सगळं गणित निघतं, घेरावरून झाडाचं वजन, वजनावरून कार्बन, कार्बनवरून पैसे.

ते गणित मी गावात फळ्यावर करून दाखवलं, इथेही देते, आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा एका झाडाचं मुळांसकट वाळलेलं वजन १०० किलो भरलं. त्यातला साधारण ४७ टक्के भाग कार्बन, म्हणजे ४७ किलो. कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला ३.६७ ने गुणायचं, झाले १७२ किलो. म्हणजे एक क्रेडिट व्हायला अशी जवळजवळ सहा झाडं पाहिजेत. आणि ही वाढ एका वर्षाची नाही, समजा आठ वर्षांत झाली तर वर्षाला एका झाडामागे साडेएकवीस किलो. बाबांची १२० झाडं, म्हणजे वर्षाला अडीच टन धरा. एका क्रेडिटला समजा ८०० रुपये मिळाले तर दोन हजार. त्यातून २० टक्के राखीव (वणव्यासारख्या नुकसानीसाठी, त्याचं पुढे सांगते) काढून ठेवले आणि उरलेल्यात तुमचा निम्मा वाटा धरला तर बाबांच्या हातात वर्षाला सुमारे ८०० रुपये. आमच्याकडे केशरच्या एका क्रेटचे होतात तेवढे. तेसुद्धा करारात निम्मे लिहिलेले नाहीत, "नेट रेव्हेन्यू"च्या निम्मे लिहिलेत. नेट म्हणजे पडताळणीचा खर्च, नोंदणीची फी, तुमच्या गाड्या, तुमचे पगार जाऊन जे उरेल ते. नेटच्या खाली कुठे आकड्याची मर्यादा नाही. मीटिंगमध्ये एकरी जो आकडा माइकवरून सांगितला होता तो करारात कुठेच सापडला नाही, मी बावीसच्या बावीस पानं शोधली.

कमी पैसे मिळतात ही तक्रार नाहीये, हे नीट लक्षात घ्या. ८०० तर ८००. आमच्याकडे ८०० रुपयेही लोक नाही म्हणणार नाहीत. पण ८०० रुपये आहेत हे आधी सांगून मग विचारा की यासाठी तीस वर्षं बांधून घेणार का.

पुढचा शब्द अ‍ॅडिशनॅलिटी. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि याच्यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मराठीत सांगायचं तर, हा कार्बनचा पैसा नसता तर हे काम झालंच नसतं, हे सिद्ध व्हावं लागतं. जे काम एरवीही होणारच होतं किंवा झालेलंच होतं त्याचं क्रेडिट मिळत नाही, कारण मग हवेत काहीच फरक पडलेला नसतो आणि तिकडे मात्र कोणीतरी त्या जोरावर धूर सोडून मोकळा होतो. बाबांची झाडं २०१६ ची आहेत, रोजगार हमीतल्या फळबाग लागवडीतली. मीटरभर खोल खड्डे आई-बाबांनी एप्रिलच्या उन्हात खणलेत, मस्टरवर हजेरी लावून. पहिली तीन वर्षं आईने डोक्यावर हंडे आणून झाडं जगवली. महाराष्ट्रात रोजगार हमीतून फळबागा १९९० पासून लागतायत, कोकणातला काजू-आंबा असाच वाढला, त्यात कार्बनचा काही संबंध नव्हता. मग बाबांची झाडं या प्रकल्पात कशी बसली?

कशी बसली ते मी स्कॅन करताना पाहिलं. तेव्हा कळलं नाही, आता कळतंय. फॉर्मवर लागवडीचं वर्ष बाबांनी सांगितलं तसं निळ्या पेनने २०१६ लिहिलेलं होतं. ते काळ्या पेनने गिरवून २०२१ केलेलं. १ चा २ आणि ६ चा १. मला वाटलं चूक दुरुस्त केली असेल. मग आता जुन्या फाइली उघडून बघितल्या तर अजून १९ फॉर्मवर तसंच, सगळीकडे २०२१. यातल्या बऱ्याच जणांच्या सातबाऱ्यावर आणि पीकपाहणीत आंबा त्याच्या कितीतरी आधीपासून लागलेला आहे. उद्या कोणी तपासायला आलं आणि हे दोन कागद शेजारी ठेवले तर खोटं कोण ठरणार? सही शेतकऱ्याची आहे. करारात एक कलम आहे की दिलेली माहिती खरी असल्याची सर्व जबाबदारी शेतकऱ्याची. माझ्या बाबांनी आयुष्यात सोसायटीचा एक हप्ता चुकवला नाही, त्यांच्या नावावर हे का?

बेसलाइन म्हणजे प्रकल्प आला नसता तर काय झालं असतं त्याचा अंदाज. वायू कमी करायच्या प्रकल्पात क्रेडिट निघतं ते बेसलाइन वजा प्रत्यक्ष असं, म्हणून बेसलाइन फुगवली की क्रेडिट फुगतं, हे इतकं सरळ आहे. आमच्याकडे तुमच्यातल्याच दुसऱ्या एका मंडळींनी भाताचा प्रकल्प आणायचं ठरवलंय. त्यात कल्पना चांगली आहे, खाचरात सतत पाणी साचलं की चिखलात मिथेन तयार होतो, मधेमधे पाणी काढून जमीन सुकू दिली की तो कमी होतो. पण हे ज्याच्याकडे कॅनॉल आहे, पंप आहे, पाणी सोडणं-तोडणं हातात आहे त्याच्यासाठी. आमचं भात पावसावरचं, उताराच्या खाचरातलं. पाऊस उघडला की खाचर आपोआप सुकतं, आणि जुलैत सलग पडला की तुम्ही सांगितलं म्हणून ते सुकणार नाही. फॉर्मवर मात्र छापून आलंय की प्रकल्पाआधी शेतात "सतत पाणी" असायचं. कोणाच्या शेतात असायचं? एकदा आवणीनंतर येऊन बघा.

लीकेज म्हणजे इकडे थांबवलेलं तिकडे सुरू होणं. नागलीच्या वरकस जमिनीवर झाडं लावली आणि नागलीसाठी माणसाने जंगलाच्या कडेला नवा तुकडा काढला, किंवा गुरं चरायला दुसऱ्या डोंगरावर नेली, तर हवेचा हिशोब तिथेच. यावर आमच्या गावात कोणी एक प्रश्नही विचारला नाही, पुढे जाते.

पर्मनन्स. म्हणजे टिकणं. झाडाने ओढलेला कार्बन झाडात राहिला पाहिजे, झाड जळलं किंवा तोडलं की तो परत हवेत. म्हणून करार ३० वर्षांचा. माझे बाबा आज ५८ वर्षांचे आहेत, सही होऊन दोन वर्षं झाली, म्हणजे ८६ पर्यंत. त्या ३० वर्षांत आमच्यात दोन लग्नं होतील, भावाभावांत वाटणी होईल, कोणी घर बांधेल, कोणाला दवाखान्यासाठी शेत गहाण टाकावं लागेल, केशरला भाव गेला तर झाड काढून दुसरं काही लावावं वाटेल. करारात लिहिलंय की जमीन वारसाला गेली तरी करार लागू, विकली तर घेणाऱ्यावरही लागू, आणि झाड तोडायचं तर कंपनीची लेखी परवानगी. "झाडं तुमचीच" याचा अर्थ हाच होता का? आणि अजून एक वाक्य नीट वाचा, त्यात नुसत्या आंब्याचा कार्बन दिलेला नाही, "जमिनीवरील व जमिनीखालील, सध्याचे व भविष्यातील सर्व कार्बन हक्क" दिलेत. म्हणजे मातीतला पण. उद्या सरकारने किंवा दुसऱ्या कोणी मातीच्या कार्बनची चांगली योजना आणली तर हे ६३ जण तिच्यात जाऊ शकणार नाहीत.

वणव्याचं काय ते मी मुद्दाम शोधलं कारण आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतातच. त्यासाठी बफर असतो, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाची काही क्रेडिट विकायची नाहीत, सामाईक राखीव कोठीत ठेवायची, कुठे आग लागली तर त्यातून भरपाई. ही चांगली सोय आहे. मग करारात असं का लिहिलंय की आग लागून झाडं गेली तर शेतकऱ्याने स्वखर्चाने परत लावून द्यायची? राखीव आमच्याच क्रेडिटमधून कापायचे आणि नुकसानही आम्हीच भरायचं, हे दोनदा झालं.

आत्याच्या चुलीचं सांगायला पाहिजे. तिला अजून एका प्रकल्पातून लोखंडी चूल मिळाली, फुकट, वर स्टीलचं पातेलं. तिने एका कागदावर अंगठा दिला. तो कागद मी नंतर वाचला, त्यात त्या चुलीने वाचलेल्या लाकडाचे सगळे कार्बन हक्क तिने सोडून दिलेत. आता ही चूल तोंडाने लहान आहे, त्यात आखं लाकूड जात नाही, फोडून घालावं लागतं, आणि मोठा तवा तिच्यावर डळमळतो म्हणून भाकरी अजूनही जुन्या चुलीवरच होते. नवी चूल पावसाळ्यात चहाला वापरतात. हिशोबात मात्र धरलेलं असतं की जुनी चूल बंद झाली. दुसरं असं की सरपण किती वाचलं एवढ्यावर भागत नाही, ते सरपण जंगल तोडून आणलेलं होतं की परत उगवणारं होतं हेही बघावं लागतं. आमच्या बायका वाळक्या काटक्या आणि छाटणीच्या फांद्या आणतात, उभं झाड तोडत नाहीत. ते सगळं सरपण जंगलतोडीचं धरलं की क्रेडिट वाढतात. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी चुलींचे प्रकल्प तपासले आणि त्यांना नमुन्यातली क्रेडिट खऱ्यापेक्षा सुमारे ९ पट जास्त दिलेली आढळली. त्याच्या एक वर्ष आधी युरोपातल्या वर्तमानपत्रांनी वर्षावनं वाचवण्याच्या क्रेडिटची तपासणी छापली, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त पोकळ असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने ते मान्य केलं नाही. पण बाजाराचा विश्वास बसायला जी वर्षं लागली ती गेली, आणि भाव पडला की पहिला फटका शेवटच्या माणसाला.

भावाचं तर आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. हवामानबदलावरचा देशादेशांतला क्योटो करार १९९७ चा, अंमलात आला २००५ ला, आणि त्यातून धुळ्याकडच्या पवनचक्क्यांचीही क्रेडिट निघाली. २००८ साली अशा एका क्रेडिटला २० युरोच्या वर भाव होता. २०१२ संपता संपता तो एक युरोच्याही खाली आला. कंपन्यांनी पवनचक्कीची वीज विकून दिवस काढले. तीस वर्षांच्या करारात असा काळ आला तर शेतकऱ्याने झाडं तशीच सांभाळायची आणि तुम्ही नेट रेव्हेन्यू शून्य म्हणून कळवायचं, असंच ना?

आणि पैसे कधी, हा प्रश्न मला रोज केंद्रावर विचारला जातो. लोकांना वाटतं पीएम किसानसारखा हप्ता आहे. तुम्ही सांगितलं नाही म्हणून मी सांगते. आधी प्रकल्पाचा कागद मंजूर व्हावा लागतो, त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. मग झाडं वाढू द्यायची. मग तिसरी संस्था येऊन पडताळणी करते, व्हेरिफिकेशन, ती दरवर्षी होतेच असं नाही, तीन-पाच वर्षांनीही होते. मग रजिस्ट्रीत, म्हणजे क्रेडिटच्या नोंदवहीत, क्रेडिट जारी होतात, प्रत्येकाला नंबर असतो, नोटेसारखा, आणि कोणत्या वर्षाची वाढ आहे ते लिहिलेलं असतं, त्याला व्हिंटेज म्हणतात. मग विक्री. विकत घेणाऱ्याने वापरलं की ते क्रेडिट रिटायर, म्हणजे कायमचं बाद, परत विकता येत नाही. हे नंबर रजिस्ट्रीत कोणालाही बघता येतात. मग आमच्या गावाच्या क्रेडिटचे नंबर आम्हाला का देत नाही? कोणी घेतलं, केव्हा रिटायर झालं, काय भावाने विकलं?

आता अधिकाऱ्यांशी बोलायचंय. मी ही सगळी कागदपत्रं घेऊन एका कार्यालयात गेले होते, नाव लिहीत नाही. तिथे सांगितलं, "हा खाजगी व्यवहार आहे, आमच्या कक्षेत येत नाही." साहेब, केंद्र सरकारने ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ ला दुरुस्ती केली, २०२३ च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम काढली, डिसेंबरमध्ये तिच्यात ऑफसेटचा भाग जोडला, जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी चौकट जाहीर केली, ती छोट्या शेतकऱ्याला फायदा व्हावा म्हणूनच. मग तालुक्याच्या पातळीवर हे कोणाच्याच कक्षेत कसं नाही? खताच्या गोणीवर आत काय आहे ते छापायला लागतं, बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर लागतो. तीस वर्षांच्या कराराला काहीच लागत नाही?

वनपट्ट्यांचा मुद्दा तर तुमचाच आहे. ६३ मधल्या १४ जणांची जमीन वनहक्क कायद्याने मिळालेली आहे. २००६ चा तो कायदा सांगतो की ही जमीन वारसाला जाते पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. करारावर एकाही बायकोचा अंगठा नाही. जमीन देता येत नाही तर तिच्यावरचा ३० वर्षांचा हक्क देता येतो का, याचं उत्तर एका तरी अधिकाऱ्याने लेखी द्यावं. आणि डबल काउंटिंगकडेही बघा. एकाच झाडाचा कार्बन दोन ठिकाणी मोजला जाऊ नये असा नियम आहे. दुसऱ्या देशाने स्वतःच्या उद्दिष्टात धरायला सरकारच्या मंजुरीने घेतलेला टन आपल्या देशाच्या खात्यातून वजा करावा लागतो, हवामानबदलावरच्या पॅरिस कराराच्या सहाव्या कलमात ती नोंद आहे. आमच्याच गावात एका माणसाकडून दोन वेगवेगळ्या मंडळींनी त्याच आंब्यांवर सह्या घेतल्यात. तो बिचारा म्हणतो, दोन्हीकडून मिळतील. त्याला कोणी सांगितलंच नाही की असं चालत नाही.

आमचं म्हणणं कार्बन प्रकल्प नको असं नाही. आमच्याकडे डोंगर उघडे पडलेत, मार्चपासून टँकर लागतो, झाडं लागायला पाहिजेत आणि ती लावणाऱ्याला पैसे मिळायला पाहिजेत, ज्याचा धूर जास्त त्याने ते द्यावेत यात काही चूक नाही. नवीन झाडांचा, खऱ्या मोजणीचा, समजून सही केलेला प्रकल्प आला तर कॅम्प मी स्वतः फुकट लावीन. म्हणून मागण्या स्पष्ट लिहिते.

तुमच्याकडे, म्हणजे कंपन्यांकडे: ६३ही लोकांना कराराची पूर्ण मराठी प्रत द्या आणि ती वाचून दाखवा, ग्रामसभेत, बायका हजर असताना. मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत यात फरक निघाला तर मराठी धरायची, असं त्यात लिहा. मराठी प्रत मिळाल्यापासून ९० दिवसांत ज्याला बाहेर पडायचंय त्याला दंड न लावता जाऊ द्या. गिरवलेली २० फॉर्म रद्द करा आणि ती कोणी गिरवली ते कळवा, शेतकऱ्याच्या माथी मारू नका. वाटा नेटवर नको, विक्रीच्या पूर्ण रकमेवर ठरवा, आणि एका झाडामागे कमीत कमी किती मिळणार तो आकडा लिहा. फक्त या झाडांचा कार्बन घ्या, मातीचा आणि पुढचा नाही. आग, वादळ, रोग यात झाड गेलं तर बोजा बफरवर, शेतकऱ्यावर नाही. घरच्या गरजेला, वाटणीला, आजारपणाला ठराविक झाडं तोडायची मुभा आधीच लिहून ठेवा. क्रेडिटचे नंबर आणि विक्रीचा भाव दरवर्षी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. वाद झाला तर सुनावणी नाशिकला, आता लिहिलंय तशी दुसऱ्या राज्यातल्या शहरात नाही.

अधिकाऱ्यांकडे तीनच. तालुक्याला एक माणूस नेमा ज्याच्याकडे हे करार नोंदवले जातील आणि एकच झाड दोनदा विकलं जातंय का ते तपासलं जाईल. वनपट्ट्यांबद्दल लेखी खुलासा करा. आणि मराठी करार व ग्रामसभेचा ठराव असल्याशिवाय कोणालाही गावात नोंदणी करू देऊ नका.

हे होईपर्यंत माझ्या केंद्रावर दुसऱ्या टप्प्याचा एकही कागद स्कॅन होणार नाही. आजूबाजूच्या चार केंद्रचालकांशी बोलले आहे, तेही थांबलेत. जुन्या ६३ जणांच्या करारातल्या शब्दांची मराठी यादी मी छापून घेतली आहे, दोन पानं झाली, केंद्राच्या दारावर लावलीये, ज्याला पाहिजे त्याने फोटो काढून न्यावा. बाबांनी काल ती वाचली, अ‍ॅडिशनॅलिटीवर बोट ठेवून थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आपली झाडं यात यायलाच नको होती." मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग त्यांना सांग, वर्ष २०१६ च आहे.

ते सांगितलं.

एक सेवा केंद्र चालक,
पेठ तालुका, जिल्हा नाशिक